उन्हाची मिळकत, भुईचे मुद्दल



मिळकत आणि मुद्दल यांतला फरक संसारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शेतातून दरसाल येते ती मिळकत, आणि शेत हे मुद्दल. मिळकतीवर चालणारे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शेत विकून सण करणाऱ्याचे चार सण थाटात होतात, पाचव्या सणाला चूल पेटत नाही. पर्यावरण, परिसंस्था, ऊर्जा हे शब्द हल्ली रोज कानावर पडतात आणि ते ऐकून आपण जुनी माणसे बिचकतो. पण त्या शास्त्राची पहिली पायरी या दोन शब्दांवरच उभी आहे, असे माझ्या ध्यानात आले आहे. तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

माझे शिक्षण आळंदीचे. चार वर्षे तिथे काढली आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता दम पुरत नाही म्हणून कीर्तन थांबवले आहे. नात अकरावीला आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा असा विषय असतो. माझी नजर साथ देत नाही, म्हणून ती मोठ्याने वाचते आणि मी ऐकतो. थोरल्या नातवाने सौरपंपाचा अर्ज भरला आहे. तो म्हणतो, “आबा, ऊन फुकट आहे. एकदा पंप बसला की भारनियमन नाही, रात्रीचे जागरण नाही. मग दिवसभर चालवला तर बिघडले कुठे?” प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर द्यायचे तर सूर्यापासून सुरुवात करावी लागते. कीर्तनात सिद्धांत आधी आणि दृष्टांत मागून येतो. इथेही तोच क्रम ठेवू.

सिद्धांत असा की, पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा जीवसंसार उन्हावर चालतो. ज्वारीचे पान ऊन घेते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळांवाटे पाणी घेते आणि त्यांची साखर करते. तीच पुढे कणसात दाणा होऊन बसते. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथ महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. त्या दिंडीतला वारकरी दिवसाला पाच-सहा कोस चालतो, वर टाळ वाजवतो आणि नाचतो. त्याच्या पायांत जोर भाकरीचा आणि भाकरीत जोर उन्हाचा. बैलाच्या खांद्यात तेच ऊन आहे आणि चुलीतल्या सरपणातही तेच. सूर्य समुद्राचे पाणी तापवतो, त्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो. वाराही उन्हानेच वाहतो, कारण एके ठिकाणची हवा जास्त तापते आणि दुसरीकडची कमी. ही झाली रोजची मिळकत.

आता दुसरा नियम. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, तिचे रूप तेवढे पालटते. मात्र प्रत्येक पालटात तिचा काही भाग उष्णता होऊन निसटतो आणि तो पुन्हा कामाला येत नाही. याचा दृष्टांत पाहायचा तर कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावे. तिथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. क्षेत्र थोडे, अवघे २.१७ चौरस किलोमीटर. गवत ऊन साठवते, काळवीट गवत खातो आणि माळावरचा लांडगा काळविटावर जगतो. गवतात जेवढी ऊर्जा असते, तिचा साधारण दहावा हिस्सा काळविटाच्या अंगी लागतो. बाकीची त्याच्या धावण्यात, श्वासात, शरीराच्या उबेत खर्च होते. पुढे लांडग्याच्या वाट्याला पुन्हा दहाव्याचा दहावा. म्हणून गवत अमाप, काळविटे शेकड्यांत आणि लांडगे बोटांवर मोजण्याइतके. लांडगा कमी आहे तो देवाने त्याच्यावर अन्याय केला म्हणून नव्हे, हिशेबच तसा आहे. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तो असा भरलेला असतो. माळढोक पक्षीही याच माळाचा. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यांत मिळून अभयारण्य केले, तरी आज तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. माळ मोडला की त्याच्यावर जगणारे सगळेच उठतात.

तिसरी गोष्ट काल्याची. ऊर्जा एका दिशेने वाहते आणि संपते, वस्तू मात्र फिरत राहतात. काल्याच्या दिवशी ज्याने-त्याने आणलेली शिदोरी एकत्र होते आणि सगळ्यांना वाटली जाते, कोणी वेगळे ताट मांडून बसत नाही. मातीचेही तसेच. पडलेले पान, गुराचे शेण, मेलेला किडा, सगळे एका ठिकाणी येते. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव ते कुजवतात आणि त्यातूनच पुढच्या पिकाचे खाद्य होते. हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. आपल्या वाडवडिलांनी हा शब्द ऐकला नव्हता, पण ज्वारीनंतर हरभरा घ्यावा हे ते जाणून होते. गोबरगॅस हाही कालाच. शेणातून चुलीला गॅस मिळतो आणि उरलेला रबडा खत म्हणून शेताला जातो.

इथवर मिळकत झाली. आता मुद्दल पाहू.

दगडी कोळसा म्हणजे काय? विदर्भातल्या खाणींमधला कोळसा २५ कोटी वर्षांहूनही जुन्या अरण्यांचा आहे. ती झाडे गाडली गेली, दबली, तापली आणि त्यांनी साठवलेले ऊन काळ्या दगडाच्या रूपाने राहिले. ही भुईतली ठेव. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथे ती ठेव रोज जळते आणि आपल्या घरात दिवा लागतो. दिवा लागला हे बरेच झाले, कंदिलाच्या उजेडात पोथी वाचलेल्या माणसाला त्याची किंमत ठाऊक आहे. पण कोट्यवधी वर्षांची ठेव आपण दोन-तीनशे वर्षांत उधळतो आहोत, आणि तिचा धूर जातो कुठे? कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२०च्या वर गेले आहेत. हा वायू उष्णता अडवून धरतो. हवा जितकी तापते, तितकी ती जास्त वाफ धरते. म्हणून मग पावसाचे दिवस कोरडे जातात आणि पडतो तेव्हा एका रात्रीत बांध फोडून जातो.

आणि खोल बोअरचे पाणी म्हणजे काय? आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून तो झाला. या दगडाच्या पोटात वाळूसारख्या पोकळ्या नसतात. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खालच्या फटींत. विहिरीतले पाणी यंदाच्या पावसाचे, म्हणजे मिळकतीतले. पाचशे-सहाशे फुटांखालच्या फटीत जे सापडते, ते कितीतरी पावसाळ्यांनी थेंबाथेंबाने साठवलेले. तेही मुद्दलच.

आता हे दोन्ही एकत्र आणून पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला तर सुमारे २२ युनिट वीज लागते. कोळशाच्या विजेचे एक युनिट करायला साधारण दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. म्हणजे एका पंपामागे रोज पंधरा किलो कोळसा. पाणी जितके खोल, तितका खर्च वाढतो. तीस फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला जेवढी ताकद लागते, तिच्या वीसपट ताकद तेवढेच पाणी सहाशे फुटांवरून आणायला लागते. तेव्हा खोल बोअरवर पंप चालतो, त्या वेळी आपण एक मुद्दल जाळून दुसरे मुद्दल उपसत असतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून विहिरीची पातळी वर आणली, तर तीच वीजबचत झाली. पाणलोटाचे काम आणि विजेचे काम ही दोन खाती नाहीत.

मग सौरपंप आला तर पहिले जळणे थांबते, हे खरे. आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिटांएवढे ऊन पडते. सोलर प्लेट त्याच्या पाचव्या हिश्शाची वीज करते. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के, आणि जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यायचा, अशी सरकारची योजना आहे. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून काठी-बॅटरी घेऊन उसात शिरणारा माणूस मी पाहिला आहे. अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत उसात बिबट्याच नांदतो, तिथेच पिल्ले घालतो. दिवसा पाणी देता येणे हे शेतकऱ्याच्या घरच्या माणसांना देवाच्या प्रसादासारखे आहे. त्यामुळे नातवाला मी पंप घेऊ नको असे म्हटले नाही.

पण दुसरे उपसणे थांबले का? ते उलट वाढू शकते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकारने २०२४ पासून माफ केले आहे, तेव्हा बिलाचा लगाम आधीच सुटला होता. भारनियमन हा नकोसा का होईना, दुसरा लगाम होता. सौरपंपाने तोही सुटतो. ऊन फुकट आहे, पण उन्हाने जे वर येते ते फुकट नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा दोरीचा असो, कोळशाच्या विजेचा असो की उन्हाचा, आडाला त्याचे काही नाही. सुटलेल्या लगामाच्या जागी माणसाला स्वतःचा नेम लावावा लागतो. नेम म्हणजे काय, हे माळकऱ्याला वेगळे सांगायला नको. एकादशीला घरात धान्य नसते म्हणून आपण उपास करत नाही. कणगी भरलेली असतानाही आपण हात आवरतो.

हे नुसते बोलणे नाही. गावाने मिळून असा नेम पाळल्याची उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आपल्या सर्वांना माहीत आहे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री धरली. पाणी अडवले, गोबरगॅस आणि सौरदिवे त्या काळी वापरून पाहिले. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने तीच वाट पुढे नेली. १९७२च्या दुष्काळानंतर तिथली माणसे गाव सोडून मजुरीला जात होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. इथवर पुष्कळ गावांनी केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढे आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि उसासारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवले. दरवर्षी पावसाळा सरला की पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनाही पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान बियाणे राखले. एकाने पाण्याचे मुद्दल सांभाळले, दुसरीने बियाण्याचे.

हा ताळेबंद कोणत्याही गावाला जमण्यासारखा आहे. ढोबळ आकडे मांडून दाखवतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. समजा गाव हजार हेक्टरचे आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे ४०० कोटी लिटर पाणी आले. आकडा ऐकून छाती फुगते. पण बहुतेक पाणी वाफ होऊन जाते, काही पिके पितात, काही ओढ्याने वाहून जाते. काळ्या पाषाणात मुरणारे पाणी साधारण दहावा हिस्सा धरू, म्हणजे ४० कोटी लिटर. वस्ती दीड हजारांची आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला तीन कोटी लिटर माणसांना लागतील. गुराढोरांना दोन कोटी ठेवू. शेतीला उरले ३५ कोटी. उसाला पाटाने वरून दोन हजार मिलिमीटर द्यायचे म्हटले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर लागतात, म्हणजे साऱ्या गावात साडेसतरा हेक्टर ऊस होईल आणि बाकीच्यांनी पाहत बसायचे. हरभऱ्याला दोन पाण्यांचे मिळून दीडशे मिलिमीटर धरले, तर हेक्टरी पंधरा लाख लिटर लागतात आणि त्याच पाण्यात सव्वादोनशेहून अधिक हेक्टर भिजतात. ठिबक वापरले तर आणखी पुरते. तेव्हा पाणी कमी की जास्त याच्या आधी, ते किती जणांच्या पानात पडणार हा प्रश्न येतो. पुन्हा कालाच आला.

कोणी म्हणेल, पाण्याचा मेळ बसत नसेल तर ऊर्जेचा दुसरा उपाय शोधू. शोधावाच, पण प्रत्येक उपायाची किंमत विचारून. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि हजारो शेतकरी उभे राहिले. आज उसाच्या चिपाडापासून वीज होते, मळीपासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. ही उन्हाचीच मिळकत, पण तिच्या प्रत्येक लिटरमागे पाणी उभे आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तिथे पाण्याच्या पडण्यातून वीज होते, धूर होत नाही. तो भाग पावसाचा आहे, घाटघर-रतनवाडीला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पारनेर-कर्जतला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतके अंतर, म्हणून तिथला उपाय उचलून इथे लावता येत नाही. त्याच घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की सोडून वीज करतात. ही विजेची कणगीच. पण चढवायला जेवढी वीज लागते, तेवढी परत मिळत नाही. वर सांगितलेला दुसरा नियम तिथेही चुकत नाही. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. वारा फुकट, पण डोंगरावर रस्ते करावे लागतात, तारा ओढाव्या लागतात. राजस्थानात अशाच तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सौरप्लेटा माळावर मांडल्या तर माळ जातो. घराच्या, शाळेच्या, मंदिराच्या छपरावर मांडल्या तर कोणाचे काही जात नाही. निर्दोष साधन कोणतेच नाही. कमी दोषाचे घ्यावे आणि बेताने वापरावे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

ज्या माउलीच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्यादेवी १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मल्या. त्यांनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. बारवेला पायऱ्या असतात. पाणी किती उतरले ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते, पायऱ्या मोजल्या की हिशेब झाला. बोअरच्या तोंडाला लोखंडी झाकण असते. आत काय उरले आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि न दिसणारे मुद्दल बेफिकिरीने खर्च होते. आमच्या गावात बोअर सहाशे फुटांपर्यंत गेले आहेत आणि चैत्रात टँकरची वाट पाहावी लागते. हे आता एकट्या-दुकट्याच्या शहाणपणाने सुटणार नाही. मी पंप बंद ठेवला आणि शेजाऱ्याने चालू ठेवला, तर माझ्या नेमाचे पाणी त्याच्या बोअरला जाते. भुईखाली बांध नसतात. म्हणून नेम गावाचा हवा.

गावाने एकत्र बसायची जागा आपल्या संप्रदायाने आधीच करून ठेवली आहे. कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव सप्ताह बसतात. तेव्हा पाऊस सरलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीच्या पाण्याचा विचार चालू असतो. माझी सर्व फडकऱ्यांना, विणेकऱ्यांना आणि सप्ताह मंडळांना हात जोडून विनंती आहे. काल्याचे कीर्तन झाले, लाह्या वाटल्या की लगेच पंगतीला उठू नये. पाव तास थांबावे. मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा यंदाचा पावसाचा आकडा कृषी खात्याकडून आणून ठेवावा. गावातल्या दहा विहिरी निवडून दोरीला गाठी मारून पाण्याची खोली मोजावी, ते काम शाळेतली मुले आनंदाने करतील. दोन्ही आकडे सभामंडपातल्या फळ्यावर खडूने लिहावेत आणि त्यांखाली गेल्या वर्षीचे. मग पिण्याचे पाणी बाजूला काढून उरलेल्यात काय पेरायचे, पंप किती तास चालवायचा, नवा बोअर घ्यायचा की नाही, हे सगळ्यांदेखत बोलावे. पहिल्या वर्षी भांडणे होतील. होऊ द्यावीत. देवासमोर झालेले भांडण घरी नेले जात नाही.

दुसऱ्या वर्षी फळ्यावर चार आकडे होतील, तिसऱ्या वर्षी सहा. पाणी वर येते आहे की खाली जाते आहे, हे तेव्हा लहान पोरालाही कळेल. यंदाच्या सप्ताहाच्या पत्रिका छापायला जातील, तेव्हा काल्याच्या कीर्तनाखाली एक ओळ वाढवावी: ‘त्यानंतर पाण्याचा ताळेबंद.’

रामकृष्ण हरी.